काय राहिलंय ते बघा

कॉम्प्युटर सुरू होतो, पासवर्ड घेतो, वॉलपेपर उमटतं, माऊसचा बाण हलू लागतो आणि तिथंच सगळं थांबतं. खालची पट्टी येत नाही. स्टार्टचं बटण नाही, कोपऱ्यातलं घड्याळ नाही, डाव्या कडेला रांगेनं मांडलेले आयकॉन नाहीत. समोर नुसतं चित्र, आणि क्लिक करायला काहीच नसलेला बाण.

कर्नाटकच्या सीमाभागातल्या चिकोडीत बसस्टँडच्या अवतीभवती झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांची जी दुकानं आहेत, त्यांतल्या कुठल्याही दुकानात हा पडदा दिसला की तोंडातून निघणारं वाक्य ठरलेलं असतं. ‘सगळं गेलं बघा.’ एकसंब्याच्या कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं मॅटर, सदलग्याच्या पोराचा स्कॉलरशिपचा अर्ज, दूध सोसायटीचा ताळेबंद, सगळं एका दमात गेलेलं असतं. मग मिस्त्रीला बोलावणं जातं. तो जाणता असेल तर खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतो, ‘काय गेलं ते ऱ्हाऊ द्या अण्णा. काय राहिलंय ते बघा आधी.’

या दुरुस्तीची सगळी कला त्याच्या त्या सांगण्यात आहे. मला त्या कोऱ्या पडद्याचं आणि तो पुन्हा भरण्याच्या कृतीचं रसग्रहण करायचं आहे, कारण संगणकाच्या रोजच्या बिघाडांत इतका सुरेख बांधलेला दुसरा बिघाड मी पाहिलेला नाही. तो वाचता येतो. कुठली ओळ गाळली आहे यावरून लिहिणाऱ्याचा हेतू कळावा, तसा यात काय दिसत नाही आणि काय अजून दिसतं यावरून आतली रचना उलगडत जाते.

‘सगळं गेलं’ या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. या पट्ट्यात कागदाची सवय जुनी आणि खरी आहे. जमिनीचा उतारा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातलं पान. ते भिजलं, फाटलं किंवा कुणी बदललं, की नोंदच बदलली. जे दिसतं तेच असतं आणि दिसेनासं झालं की नसतं, असा तो हिशेब. पुढं कर्नाटक सरकारनं ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले, हातानं लिहिलेले उतारे बंद केले, आणि २००१ च्या सुमारास तालुक्याच्या गावी कचेरीच्या खिडकीवर छापील उतारा मिळू लागला. अंकली-येडूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांची आणि संगणकाची पहिली गाठ अशा खिडकीवरच पडली असणार. कारकुनासमोरचा पडदा काळा झाला तरी आपली नोंद जागच्या जागी असते, ही गोष्ट मात्र रांगेत उभं राहून कळण्यासारखी नव्हती. नोंद एका जागी आणि ती दाखवणारा पडदा दुसऱ्या जागी, ही फारकत कागदात कधी नव्हती. कोऱ्या डेस्कटॉपची भीती त्या फारकतीतून येते. त्याचं सौंदर्यही तिथूनच येतं.

आधी त्या गायब झालेल्या पट्टीकडं बघू. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये ती नव्हतीच. तिथं प्रोग्रॅम मॅनेजर नावाची एक खिडकी होती, आणि लहान केलेला प्रोग्रॅम पडद्याच्या तळाशी एक चिमुकलं चित्र होऊन बसायचा. त्याच्यावर दुसरी खिडकी आली की तो झाकला जायचा. विंडोज ९५ घडवताना मायक्रोसॉफ्टनं ५६० माणसांना प्रयोगशाळेत बसवून चाचण्यांच्या ६४ फेऱ्या केल्या. केंट सुलिव्हन यांनी १९९६ मध्ये त्या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो माझ्या मते संगणकाच्या वाङ्मयातल्या सहृदय लिखाणांपैकी एक आहे, कारण त्यात चुकणाऱ्या माणसाला कुठंही दोष दिलेला नाही. नवशिक्यांची एक अडचण त्यांना दिसली: झाकली गेलेली खिडकी ही माणसं गेलीच असं समजत. समोर दिसत नाही म्हणजे नाही. टास्कबार हे त्या अडचणीवरचं उत्तर होतं. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आलं तेव्हा जे जे चालू आहे त्याचं एकेक बटण पडद्याच्या तळाशी कायम दिसू लागलं.

म्हणजे ‘गेलं कुठं?’ या प्रश्नासाठीच ही पट्टी जन्माला आली. हे कळलं की कोऱ्या पडद्याची धार कळते. हरवलेलं सापडावं म्हणून ठेवलेली वस्तूच इथं हरवलेली असते.

ही पट्टी काढतं कोण? विंडोजमध्ये एक्सप्लोरर नावाचा प्रोग्रॅम आहे. फोल्डर उघडून फाइली दाखवणारा, ही त्याची रोजची ओळख. पण लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप आणि टास्कबार मांडणाराही तोच. डेस्कटॉपवरचे आयकॉन म्हणजे एका मोठ्या खिडकीतली यादी आहे. जुन्या विंडोजमध्ये फोल्डरच्या आत फाइली दाखवायला जी यादी वापरत तीच इथं पडद्याभर पसरलेली असते. आपण ज्याला संगणकाचा चेहरा समजतो तो संगणकावर चालणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, आणि कुठलाही प्रोग्रॅम बंद पडू शकतो. त्या पडद्याभरच्या खिडकीचं आतलं नाव आजही ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ आहे. १९९० चं ते नाव तसंच ठेवलं, कारण जुने प्रोग्रॅम त्या नावानं खिडकी शोधत येत आणि त्यांना ती सापडायला हवी होती. मला ही निष्ठा आवडते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बोदांची थप्पी आत असते आणि दिवाणजींची वही बाहेर गादीवर. वही सापडेना झाली की व्यवहार खोळंबतो, पण आतला एकही बोद हलत नाही. आयकॉन ही वहीतली नोंद. एक्सप्लोरर गेला म्हणजे वही गेली.

आता या बिघाडाचा मधला क्षण बघा, कारण खरा रस तिथं आहे. एक्सप्लोरर कोसळला, पट्टी गेली, आयकॉन गेले. राहिलं काय? वॉलपेपर बहुतेक वेळा राहतं. उघडी असलेली खिडकी राहते. तिच्यात अर्धवट टाइप केलेली पत्रिका, अजून सेव्हसुद्धा न केलेली, मेमरीत जशीच्या तशी असते आणि कर्सर त्याच शब्दापाशी लुकलुकत असतो. प्रिंटरकडं गेलेलं पान छापून बाहेर येतं. गाणं लागलेलं असेल तर ते थांबत नाही. ऑल्ट आणि टॅब दाबून एका कामातून दुसऱ्या कामात जाता येतं. दुकानदाराचा जीव टांगणीला लागलेला असताना कामं मात्र एकमेकांना न विचारता आपापली चालू असतात. असं वेगळं वेगळं बांधायला मोठी दूरदृष्टी लागते: दाखवणारा पडला तरी दाखवायचं ते पडू नये.

याच अवस्थेत, टास्कबार नसताना, एखादी खिडकी लहान करून बघा. ती जाते कुठं? तिच्यासाठी पट्टीच नाही. पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक आखूड शीर्षकपट्टी उमटते, त्या खिडकीचं नाव घेऊन. दुसरी खिडकी लहान केली की ती पहिलीच्या शेजारी येते. हे १९९५ च्या आधीचं वळण आहे, तळाशी जाऊन बसण्याचं. टास्कबार आला तरी ते कुणी काढून टाकलं नाही. वरचा थर निघाला की खालचा थर उघडा पडतो आणि तो अजून काम करतो. डीटीपीच्या दुकानातल्या पोरांना हे कोपऱ्यातले तुकडे बिघाडाची आणखी एक खूण वाटतात. मला ते या सगळ्या रचनेतलं सर्वांत देखणं दृश्य वाटतं.

आता दुरुस्ती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही एकदम. तिन्ही बटणं कीबोर्डच्या डाव्या कडेला आहेत. डाव्या हाताला ती एकट्यानं जमतात आणि उजवा हात माऊसवर मोकळा राहतो. याच्या उलट कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही जोडणी आयबीएममध्ये डेव्हिड ब्रॅडली यांनी केली ती चुकून दाबली जाऊ नये म्हणून, बटणं मुद्दाम लांब लांब ठेवून. एक जोडणी सावध, दुसरी हाताशी. पण खरी गंमत पुढं आहे. ही बटणं ऐकतो कोण? एक्सप्लोरर नाही. तो तर पडलेला आहे. लॉगिनपासून पाठीमागं बसलेला विनलॉगऑन नावाचा प्रोग्रॅम ती ऐकतो आणि टास्क मॅनेजर उघडतो. मदतीची हाक जो पडला आहे त्याच्याकडून जात नाही, ही या मांडणीतली सर्वांत शहाणी गोष्ट.

टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर यांनी लिहिला, आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तो आला. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की तो लिहिताना सगळं बिघडलेलं असणार हेच त्यांनी गृहीत धरलं होतं. आधीच उघडलेला टास्क मॅनेजर गोठला असेल आणि आपण पुन्हा तीच बटणं दाबली, तर नवा टास्क मॅनेजर जुन्याला उत्तर द्यायला काही सेकंद देतो, आणि उत्तर आलं नाही तर स्वतः उभा राहतो. मेमरी कमी पडत असेल तर थोडक्या रूपात उघडतो, पण उघडतो. संकटात लागणारी वस्तू संकट धरूनच घडवायची असते, हे भान त्या प्रोग्रॅममध्ये मुरलेलं आहे.

त्यात रन न्यू टास्क (जुन्या टास्क मॅनेजरमध्ये ते फाइलच्या आत असतं). एक छोटी चौकट उघडते. तिच्यात टाइप करायचं: एक्सप्लोरर डॉट ईएक्सई. इंग्रजीत मोजून १२ खुणा. एंटर.

खालून पट्टी उगवते, घड्याळ येतं, आयकॉन आपापल्या जागी उमटतात. लग्नपत्रिकेची खिडकी तशीच उघडी असते. बाकावरचे मामा उठून उभे राहतात. ‘आलं की सगळं!’ आणि मिस्त्री म्हणतो, ‘गेलंच नव्हतं मामा.’

त्या १२ खुणांमध्ये एक बारकावा आहे, तो सहज नजरेतून सुटतो. सगळं ठीक असताना तीच आज्ञा दिली तर काय होतं? फाइली दाखवणारी एक खिडकी उघडते, बस्स. आज्ञा एकच, फळं दोन. एक्सप्लोरर सुरू होताना आधी चाचपून बघतो: डेस्कटॉप सांभाळणारा कुणी हजर आहे का? असेल तर तो नम्रपणे एक फोल्डर उघडून देतो. नसेल तर स्वतः ती जबाबदारी घेतो. म्हणून ही आज्ञा औषधही आहे आणि परीक्षाही. पट्टी नाही, तरीही या आज्ञेनं नुसता फोल्डरच उघडला, तर जाणत्या मिस्त्रीच्या कपाळावर आठी येते. आजार वेगळ्या जागी आहे हे त्याला तिथंच कळतं.

पट्टी परत येते तेव्हा घडणारी एक घटना पडद्यावर दिसत नाही. घड्याळाच्या शेजारी बारीक आयकॉन असतात: आवाजाचा, अँटिव्हायरसचा, कुठल्या तरी कीबोर्डचा. ते आयकॉन त्या त्या प्रोग्रॅमनं टास्कबारला दिलेले असतात. टास्कबार गेला तेव्हा तेही गेले. प्रोग्रॅम मात्र चालूच राहिले. नवा टास्कबार उभा राहतो तो रिकाम्या हातानं. मग तो सगळ्या चालू प्रोग्रॅमना एक संदेश पाठवतो: टास्कबार तयार झाला आहे. ज्यांना लिहिणाऱ्यानं हा संदेश ऐकायला शिकवलं आहे ते पुढं येतात आणि आपला आयकॉन पुन्हा ठेवतात. ज्यांना शिकवलं नाही ते गप्प राहतात. त्यांचा आयकॉन येत नाही, काम मात्र आत चालूच असतं. दुरुस्तीनंतर ‘सगळं आलं, पण त्याचा तेवढा आयकॉन आला नाही’ अशी तक्रार येते ती याच्यामुळं. तो प्रोग्रॅम एकदा बंद करून उघडला की झालं. एखादा प्रोग्रॅम किती काळजीनं लिहिलेला आहे हे मला अशा वेळी कळतं. चांगल्या लिहिणाऱ्यानं आपल्या मांडणीचा आधार कोसळून पुन्हा उभा राहील हेही मनात धरलेलं असतं.

चिकोडीत या बिघाडाला एक खास पदर आहे, पुण्यात तो तितका जाणवणार नाही. इथल्या डीटीपीच्या टेबलावर पत्रिका मराठीत, ग्रामपंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये आणि जीएसटीचं बिल इंग्रजीत, हे सगळं एकाच सकाळी होतं. त्याच मशीनवर कन्नड गणक परिषदेचं ‘नुडी’ असतं आणि पुण्याच्या मॉड्युलरचं ‘श्री-लिपी’ही. कीबोर्ड आत्ता कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी बारीक खूण टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात असते. पट्टी गेली की ती खूणही जाते. टाइप करणाऱ्या मुलीला पत्रिका डोळ्यासमोर दिसते, पण पुढचं अक्षर कुठल्या लिपीत पडेल ते दिसत नाही.

इन्स्क्रिप्टवर हात बसलेली मुलगी इथं अडत नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये ठरवलेल्या या मांडणीचं तत्त्वच असं की एका उच्चाराचं बटण सगळ्या लिप्यांत एकच. क चं बटण मराठीतही तेच आणि कन्नडमध्येही तेच. ती क दाबते आणि पडद्यावर देवनागरी क पडला की कन्नड, ते बघते. एका अक्षरात तिला उत्तर मिळतं. बोटाला भाषा बदलल्याचं कळतच नाही, डोळ्याला लगेच कळतं. सीमाभागातल्या माणसाच्या जिभेवर दोन्ही भाषा एका श्वासात येतात, आणि ही मांडणी त्याच्या बोटांनाही तशीच वागवते. खूण नसताना उरलेल्यावरून वाचणं म्हणजे काय, ते या मुलीकडून शिकावं.

पडदा पूर्ण कोरा नसेल तर वाचन आणखी सूक्ष्म होतं. नुसते आयकॉन गेले आणि पट्टी जागेवर असेल, तर एक्सप्लोरर जिवंत आहे हे उघडच आहे; रिकाम्या जागी उजवं क्लिक करून व्ह्यूमध्ये शो डेस्कटॉप आयकॉन्सची टिक गेली आहे का ते आधी बघायचं. दुकानात येणाऱ्या लहान मुलांचे हात त्या टिकेपर्यंत हटकून पोचतात. विंडोज १० मध्ये टॅब्लेट मोड चालू झाला तरी असंच होतं. नुसती पट्टी गेली आणि आयकॉन असतील, तर बाण तळाला नेऊन थांबवायचा; लपण्याची सोय चालू असेल तर ती वर येते. कॉलेजात प्रोजेक्टर जोडून काढल्यावर पट्टी गेली असेल तर विंडोज आणि पी दाबायचं, कारण ती दुसऱ्या, आता तिथं नसलेल्या पडद्यावर राहिलेली असू शकते. जुन्या विंडोजमध्ये पट्टीची कड ओढून ती रेघेएवढी बारीक करता यायची आणि मग शोधून सापडायची नाही. विंडोज ११ ज्या रूपात आलं त्यात ती कड ओढताच येत नाही, त्यामुळं तो प्रकार तिथं संपला.

अर्धे आयकॉन गेले आणि अर्धे राहिले, तर मात्र थांबून नीट बघावं. आपल्याला जो एक डेस्कटॉप दिसतो तो खरं तर दोन फोल्डर एकावर एक ठेवून बनलेला असतो. एक आपल्या नावाचा, दुसरा पब्लिक नावाचा, सगळ्यांसाठीचा. सगळ्यांसाठी म्हणून टाकलेल्या प्रोग्रॅमचे शॉर्टकट बहुधा पब्लिकमध्ये जातात. आपण सेव्ह केलेल्या पत्रिका आणि ताळेबंद आपल्या फोल्डरमध्ये. आणि रिसायकल बिन या दोन्हींत नसतो, तो विंडोजचा स्वतःचा. तेव्हा ब्राउझरचा आयकॉन आहे, रिसायकल बिन आहे, पण आपली एकही फाइल नाही, असं दिसलं तर ती शिवण उसवून दाखवल्यासारखी स्पष्ट आहे: पब्लिकचा थर जागेवर आहे, आपला नाही. कधी वनड्राइव्हनं आपला डेस्कटॉप त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो. तिथं गेलं की सगळं सापडतं. आणि कधी मामला गंभीर असतो.

तो असा. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी दमलेली असते, मशीन लिहिता लिहिता बंद पडतं. माणसाच्या सगळ्या आवडीनिवडी, म्हणजे त्याचं वॉलपेपर, त्याची पट्टी, त्याची मांडणी, एका फाइलीत साठवलेल्या असतात आणि तिचं नाव एनटीयूजर डॉट डॅट. नेमकी तीच खराब झाली तर दुसऱ्या दिवशी विंडोज त्या माणसाला त्याच्या घरात घेऊ शकत नाही. मग ते एक तात्पुरतं प्रोफाइल तयार करतं आणि त्याला तिथं बसवतं. कोपऱ्यात तशी सूचना येते, पण ती वाचतं कोण? टास्कबार आहे. स्टार्ट आहे. घड्याळ बरोबर आहे. डेस्कटॉप रिकामा, स्वच्छ, नव्यासारखा. दुकानदाराला वाटतं, ‘जुनं गेलं, जाऊ दे, नवीन सुरू करू.’ आणि तो दिवसभर नव्या पत्रिका त्या डेस्कटॉपवर सेव्ह करत राहतो. संध्याकाळी साइन आउट केलं की तात्पुरतं प्रोफाइल पुसलं जातं. दिवसभराचं काम त्याच्याबरोबर जातं.

या सगळ्या प्रकरणात काम खरोखर नष्ट करणारी ही एकच अवस्था, आणि नेमकी तीच सर्वांत शांत दिसते. पट्टी, आयकॉन, काहीच नसलेला कोरा पडदा माणसाला घाबरवतो आणि त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. सगळं जागेवर असलेला पडदा काही न बोलता दिवस घेऊन जातो. मी कुणालाही एकच गोष्ट शिकवणार असेन तर ही शिकवीन: डेस्कटॉप अचानक नव्यासारखा स्वच्छ दिसला तर त्यावर एक अक्षरही सेव्ह करू नका. आधी सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरमध्ये जा, जुन्या नावाचा फोल्डर उघडा, त्यातला डेस्कटॉप बघा. जुन्या फाइली बहुधा तिथंच असतात. त्या पेन ड्राइव्हवर घ्या, मग पुढचं.

आणि जिथं त्या १२ खुणा चालत नाहीत ती जागा. लॉगिन झाल्यावर कुठला प्रोग्रॅम डेस्कटॉप म्हणून उभा करायचा, हे विंडोजच्या रजिस्ट्रीत विनलॉगऑनच्या खात्यावर ‘शेल’ या नावापुढं लिहिलेलं असतं. तिथं एक्सप्लोरर डॉट ईएक्सई, एवढंच असायला हवं. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या व्हायरसांच्या जमान्यात काही व्हायरस या ओळीत आपलं नाव घुसवायचे, किंवा एक्सप्लोरर उघडायला गेलं की भलताच प्रोग्रॅम उठेल अशी नोंद दुसरीकडं करून ठेवायचे. मग अँटिव्हायरस तो व्हायरस काढायचा, पण नोंद तशीच राहायची. रोग गेला आणि रोग्याचा पत्ता चुकीचा राहिला. अशा मशीनवर पडदा कोरा राहतो तो व्हायरस असल्यामुळं नाही, तो आता नसल्यामुळं. ही कोडी सोडवणाऱ्या मिस्त्रीबद्दल मला नितांत आदर आहे, कारण त्याला नसलेल्या गोष्टीची सावली ओळखावी लागते.

कधी गावाचा, लाईटचा, व्हायरसचा, कशाचाच दोष नसतो. सप्टेंबर २०२१ च्या सुरुवातीला विंडोज ११ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या माणसांचे टास्कबार एकाएकी निकामी झाले. विंडोज ११ अजून बाजारात यायचं होतं. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून आलेला एक मजकूर एक्सप्लोररला पचला नव्हता. एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला तरी तो तोच मजकूर वाचायचा आणि तिथंच अडकायचा. कंपनीनं सांगितलेला उपाय टास्क मॅनेजरमधूनच जायचा: रन न्यू टास्क, तिथून कमांड प्रॉम्प्ट, रजिस्ट्रीतली एक नोंद पुसायची, मशीन पुन्हा चालू करायचं. मोठ्या मोठ्या घरांतही शेवटी त्याच छोट्या चौकटीतून वाट निघाली.

राहता राहिला प्रश्न फॉरमॅटचा. कोऱ्या पडद्यावर या भागात सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय तोच आहे, आणि मला त्याचं मनापासून दुःख होतं. ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागतंय’ असं म्हणून शाबूत असलेल्या मशीनवर नांगर फिरवला जातो. पत्रिका, अर्ज, ताळेबंद, एक्सप्लोरर पडला तेव्हा जे गेलं नव्हतं, ते फॉरमॅटमध्ये जातं. असं होतं याला मिस्त्रीचं अज्ञान एक कारण, पण गिऱ्हाईकही कारण आहे. फॉरमॅटला अर्धा दिवस लागतो, मशीन उचलून न्यावं लागतं, संध्याकाळी परत आणावं लागतं, आणि त्या खटाटोपाचे पैसे गिऱ्हाईक न कुरकुरता मोजतं. तेच एखाद्यानं टेबलाशी उभ्या उभ्या तीन बटणं दाबली, १२ खुणा टाइप केल्या आणि दोन मिनिटांत पट्टी आणून दिली, तर ‘एवढंच होय?’ म्हणून त्याला चहावर वाटेला लावतात. पुढच्या खेपेला तोही फॉरमॅटच सांगतो. ज्यानं काम वाचवलं त्यानं फॉरमॅटइतकेच पैसे मागावेत, आणि दुकानदारानं ते त्याच दिवशी, पूर्ण द्यावेत.